पिवळ्या फडक्याची गाठ

१

थोरला गेला त्या सकाळी धुलाई कारखान्यात सुरक्षा सप्ताहाचं उद्घाटन होतं. आता बोला! फाटकावर पाहुणे उतरत होते, मॅनेजर हसून हसून दमले होते, आणि आतल्या शेडमध्ये, दवाखान्यांच्या चादरी वाळवणाऱ्या अवाढव्य यंत्राच्या मागच्या कप्प्यात एक चांगला धडधाकट माणूस मरून पडला होता.

त्या यंत्राला सगळे मोठी भट्टी म्हणत. खरी भट्टी नव्हे, गरम हवेचा ड्रायर. पुढच्या तोंडाने ओल्या चादरी आत टाकायच्या. मागच्या कप्प्यात जाळीवर कपड्यांची लव साठते, ती अधूनमधून कुणीतरी आत शिरून खरवडायची. त्या दिवशी मागे थोरला शिरला होता. पुढून त्याच्याच सख्ख्या धाकट्या भावाने चादरी भरल्या, दार लावलं आणि बटण दाबलं. मागचा पंखा सुरू झाला. पुढचं सांगायची गरज नाही.

पाहुण्यांचा चहा निवायच्या आत कंपनीने निष्कर्ष काढला होता: मानवी चूक. आता त्याखाली फक्त अपघात तपासणाऱ्या सरकारी बाईंची सही हवी होती.

या बाईंना त्यांच्या खात्यात काबाई म्हणत, कारण त्यांची प्रत्येक चौकशी 'का'ने सुरू व्हायची आणि समोरच्याच्या वैतागाने संपायची. अपघातानंतर काही दिवसांनी त्या चौकशीला निघाल्या, त्या सकाळीच त्यांच्या साहेबांनी फोन करून बजावलं होतं, "एका ओळीचं काम आहे. मानवी चूक लिहा आणि मोकळ्या व्हा."

"माणसं काम करतात तिथे चूक मानवीच असणार, साहेब," काबाई म्हणाल्या होत्या. "माकडांची कुठून असणार? त्याने ती का केली, ते विचारून येते."

कारखान्याच्या फाटकात पाऊल टाकलं तर समोर थोरल्याची बायको उभी. नवऱ्याच्या कपाटातलं सामान न्यायला आली होती. डोळे कोरडे, आवाज खणखणीत.

"तुम्हीच का त्या बाई? मग नीट ऐका," ती म्हणाली. "इथे आत शिरणारा माणूस भट्टीच्या पुढच्या मुठीला आपलं फडकं बांधतो. फडकं असलं की कुणी बटणाला हात लावत नाही. त्या दिवशी ते बांधलेलं नसेल, तर माझा नवरा बावळट. बांधलेलं असेल, तर ते सोडून बटण दाबणारा माझा दीर खुनी. कारण तिथे दुसरं कुणी नव्हतं, बाकीचे फाटकावर पाहुण्यांच्या स्वागताला होते. सगळं गाव मला विचारतंय, यातलं काय ते सांग. बाई, मला दोन्ही नकोत."

"दीर काय म्हणतो?"

"मी बोलत नाही त्याच्याशी. तो आमच्या पायरीवर बसून असतो. आत येत नाही, जेवत नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "महिन्याभरापूर्वी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते मीच पोलिसांना सांगून बसले."

२

चौकशीसाठी बोलावलेला धाकटा इस्त्रीच्या शेडमागे पाइपावर बसला होता. काबाई त्याच्याशेजारी पाइपावरच बसल्या. खुर्ची आणायला धावलेल्या शिपायाला त्यांनी हातानेच पिटाळलं.

"भांडण कशावरून झालं होतं?"

"दादा म्हणत होता हे काम सोड, दुसरं काहीतरी शिक. मी म्हटलं, तू सोड आधी." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "बस, एवढंच."

"तू मागे डोकावलास का नाहीस?"

हा प्रश्न त्याला सगळ्यांनी विचारला होता, पण दरडावून. या बाई खरंच विचारत होत्या. त्याने मान वर केली.

"सकाळी मी चादरींची गाडी घेऊन आलो तर फडकं होतं. दादाचं. म्हणजे दादा आत. मी थांबलो, मग म्हटलं दुसरी गाडी तरी आणू. परत आलो तर फडकं नव्हतं. म्हणजे दादा बाहेर आला. बाई, फडकं ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं, असंच चालत आलंय इथे. इतक्या वर्षांत कधी चुकलं नाही. फडकं नसताना मागे जाऊन हाक मारायची, म्हणजे दादावर विश्वास नाही असं झालं."

काबाईंच्या लक्षात आलं. या पोराने बेफिकिरी केली नव्हती. त्याने वाचलं होतं, आणि नीटच वाचलं होतं. कुणीतरी पाटीवरची अक्षरं मधल्या मधे पुसली होती.

"आणि तो लाल दिवा? भट्टीवर 'धोका' म्हणून आहे तो?"

"तो होय? दाराचा खटका बिघडल्यापासून कायम पेटलेलाच असतो. त्याच्याकडे कोण बघतंय!"

"बटण दाबताना तू कुठे बघत होतास?"

"वर. नवा बॅनर लावला होता ना, भट्टीच्या मागच्या भिंतीवर. शून्य अपघात लिहिलेला." त्याच्या तोंडातून हसण्यासारखा एक विचित्र आवाज निघाला. "तेच वाचत बटण दाबलं मी."

काबाईंनी कपाटातून काढलेलं थोरल्याच्या सामानाचं गाठोडं पुढे केलं. ते इथल्याच रीतीने कापडी पट्टीने बांधलेलं होतं. "यात काय काय आहे ते ओळखून दे." धाकट्याने गाठोड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका हाताने पट्टीचं शेपूट ओढलं आणि गाठ सुटली. आत दादाचा डबा दिसला, तसा तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

३

घडीवाली मावशी शेडमधली सगळ्यात जुनी बाई. चादरीला घडी घालताना तिचे हात चालत, तोंड चालत असे आणि दोहोंत कोण पुढे ते सांगता येत नसे. आज तोंड मागे पडलं होतं.

"फडकं होतं," ती म्हणाली. "पिवळ्या चौकडीचं. त्याच्या बायकोने स्वयंपाकघराचा जुना पडदा फाडून दिला होता त्याला. इथे प्रत्येकाचा रंग वेगळा असतो. माझा हिरवा."

"इतक्या लांबून दिसलं?"

"न दिसायला काय झालं? मागची भिंत पांढरी, अगदी मोकळी. त्यावर पिवळं उठून दिसतं. मग मी इस्त्रीच्या रोलरकडे तोंड केलं. पुढचं काही पाहिलं नाही."

"मुठीला ते कसं बांधतात?"

"सुरगाठीने. इथे सगळं सुरगाठीनेच. दवाखान्याचे गठ्ठे असेच बांधून येतात, पट्ट्या परत वापरायच्या असतात." तिने काबाईंच्या हातातलं सुटलेलं गाठोडं ओढून घेतलं आणि पुन्हा बांधलं. "हे बघा. छोटं शेपूट ओढलं की झाली मोकळी." गाठ सुटली, आणि पट्टी आपोआप मावशीच्या बोटाभोवती गुंडाळलीही गेली. "पण मोठं टोक ओढाल तर मेली आवळत जाते. निरगाठ बसते. मग बसा नखं मोडत! नवीन माणसाची पहिल्या दिवशी हीच गंमत करतो आम्ही."

"दुसऱ्याचं फडकं कधी कुणी सोडलंय?"

"हात झडेल त्याचा!" मावशी भडकली, आणि लगेच विझली. "मला मॅनेजरसाहेबांनी बोलावून सांगितलं, फडकंबिडकं काही नव्हतं असं म्हण. म्हटलं, मरून गेले तरी म्हणणार नाही. थोरला फडकं न बांधता आत शिरणाऱ्यातला नव्हता. त्याच्या नावाला मी बट्टा लागू देणार नाही."

"मावशी, तुमच्या या बोलण्याने धाकटा अडकतो, कळतंय ना?"

मावशीच्या हातातली चादर तशीच राहिली. धाकट्याला तिने पोरासारखं सांभाळलं होतं. त्याच्याविरुद्धचा सगळ्यात पक्का पुरावा आपणच दिला आहे, हे तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं.

"तरी होतं," ती म्हणाली. "आता मला काहीही विचारा, फडकं होतं!"

४

मॅनेजरसाहेबांनी काबाईंना मऊ खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सल्लाही दिला.

"नियम स्पष्ट आहे, मॅडम. आत जाताना मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. त्याने ते केलं नाही. संपलं."

"तो मेन स्विच पाडला तर किती यंत्रं बंद पडतात?"

मॅनेजरांनी टाय सैल केला. "सगळी."

"आणि मागे एकाने तो पाडला होता, तेव्हा?"

"काम थांबलं ना, मॅडम! मी बोललो त्याला. बोलावंच लागतं."

"म्हणजे नियम पाळणारा बोलणी खातो. आणि लाल दिवा?"

"लाल म्हणजे धोका, हे शाळेतल्या पोरालाही कळतं."

"तो सदान्कदा पेटलेला असतो."

"मग सदान्कदा काळजी घ्यावी!" मॅनेजर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाही तितकंसं आवडलं नाही. मावशीने पुन्हा बांधून दिलेल्या गाठोड्यातलं सामान ओळखा म्हटल्यावर त्यांनी हात मागे घेतला. "मी काय ओळखणार? आणि त्या सकाळी मी फाटकावरून हललोच नाही. सगळ्या पाहुण्यांना विचारा." ते खरं होतं. काबाईंनी आधीच विचारलं होतं.

शेजारच्या खोलीत सुरक्षा अधिकारी बसत. कामगार त्यांना सेफ्टीवाले म्हणत. तरुण, टापटीप, टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या. कोपऱ्यात उद्घाटनाच्या फितीचं रीळ, सोनेरी कागद आणि एक कात्री.

"अव्यवस्था हीच अपघाताची आई," ते म्हणाले. "इथे यंत्रांवर डबे लटकवतात, टोप्या लटकवतात. मी किती वेळा समजावलं. पण माणसाची सवय बदलणं फार अवघड."

"आणि फडकी?"

"फडकी?" सेफ्टीवाल्यांनी एक पेन्सिल सरळ केली. ती सरळच होती. "माझ्या पाहण्यात नाहीत."

"बरं. एवढं सामान बघून घ्या, बायकोच्या ताब्यात द्यायचंय."

सेफ्टीवाल्यांनी पट्टीचं मोठं टोक धरून ओढलं. गाठ आवळली. आणखी जोर लावला, आणखी आवळली. "काय ही पद्धत!" असं म्हणत त्यांनी कात्री उचलली आणि पट्टी कचकन कापली. कापलेली पट्टी काबाईंनी उचलून पर्समध्ये टाकली.

"भट्टीवरचा बॅनर कुणी लावला?"

"लावला असेल कामगारांनी कुणी. मी कार्यक्रमाच्या गडबडीत होतो."

काबाई शेडमध्ये गेल्या. बॅनर अजून तिथेच होता. काढायची कुणाची हिंमत झाली नव्हती. शिडी मागवून बाई स्वतः वर चढल्या, खाली शिपायाचा जीव टांगणीला. बॅनरच्या चारही कोपऱ्यांना दोरी होती, आणि प्रत्येक दोरीला एकावर एक, एकावर एक, मुठीएवढ्या निरगाठी. या शेडमधल्या कुणी अशी गाठ मारली असती तर मावशीने त्याची वर्षभर टिंगल केली असती.

५

पण गाठीवरून माणूस धरता येत नाही. फडकं हवं होतं.

ते सगळ्यांनी शोधलं होतं. पोलिसांनी कचरापेट्या उपसल्या होत्या, कामगारांनी नाल्या, आणि काहींनी, लाज सोडून, धाकट्याची पिशवी. काबाई मुठीसमोर उभ्या राहिल्या आणि स्वतःला विचारत राहिल्या. मी इथली नाही. मला टापटिपीचं वेड आहे. पाहुणे आत्ता येतील. मुठीला एक चिंधी लोंबतेय. ती सुटत नाही, म्हणून मी कापते. आता हातात चिंधी आहे. खाली तर टाकणार नाही. मग कुठे टाकेन?

डाव्या हाताला मळक्या चादरींची गाडी होती. नेहमी तिथेच असे.

"मावशी," काबाईंनी हाक मारली, "मळक्या गाडीत चुकून एखादा परका कपडा गेला तर त्याचं काय होतं?"

"काय व्हायचंय? धुतला जातो, लहान भट्टीत वाळतो, रोलरमधून इस्त्री होऊन येतो. शेवटी चुकार टोपल्यात. मोजे असतात, रुमाल असतात. न बघताच टाकतो आम्ही."

"तो टोपला कुणी पाहिला?"

मावशीने डोळे विस्फारले. "अगं बाई! सगळ्यांनी मळक्यात शोधलं!"

टोपला घडीच्या टेबलाखालीच होता. मावशीने तो जमिनीवर पालथा केला. एकटे मोजे, दवाखान्याचा डगला, कुणाचा तरी लहानसा स्वेटर. आणि त्याखाली पिवळ्या चौकडीचं फडकं, स्वच्छ धुतलेलं, कडक इस्त्री केलेलं. मधोमध गाठ तशीच होती, रोलरखाली चपटी झालेली, दगडासारखी आवळलेली. गाठीच्या बाजूला वेढा एका सरळ रेषेत कापलेला होता.

मावशीने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "आपणच धुतलं की गं हे," ती म्हणाली. "याच हातांनी टाकलं असेल मी टोपल्यात."

काबाईंनी पर्समधून सेफ्टीवाल्यांनी कापलेली पट्टी काढली आणि फडक्याशेजारी ठेवली. तीच चुकीच्या टोकाने आवळलेली गाठ, तसाच काप.

"सगळ्यांना शेडमध्ये बोलवा," त्या म्हणाल्या. "थोरल्याच्या बायकोलाही."

६

भट्टीसमोर सगळे जमले. काबाईंनी फडकं उंच धरलं, तशी शेडभर कुजबूज झाली आणि धाकटा भिंतीला टेकला.

"थोरल्याने फडकं बांधलं होतं," त्या म्हणाल्या. "तो बावळट नव्हता. आता ते कुणी काढलं? धाकट्याने नाही. त्याचे हात ही गाठ न बघता सोडतात. त्याला भाऊ मारायचा असता तर शेपूट ओढून फडकं खिशात घालून गेला असता. ही गाठ ज्याने आवळली त्याला ती सोडता येत नव्हती. इथला एकही कामगार असा नाही."

"मग?" मॅनेजर म्हणाले.

"मावशीने फडकं पाहिलं तेव्हा मागची भिंत मोकळी होती. धाकट्याने बटण दाबलं तेव्हा त्या भिंतीवर बॅनर होता. म्हणजे फडकं गेलं ते बॅनर लागताना. ज्याने बॅनर लावला, तो मुठीसमोर होता, आणि त्याच्याकडे दोऱ्या कापायला कात्री होती. बॅनरच्या गाठी मी वर चढून पाहिल्यात. सांगा हो सेफ्टीवाले, बॅनर कुणी लावला?"

सेफ्टीवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं चिंधी आहे," ते म्हणाले. "पाहुणे येत होते. खरंच सांगतो, मला वाटलं कुणी हात पुसायला लटकवलीय."

"माझा विश्वास आहे," काबाई म्हणाल्या. "तुम्हाला चिंधी दिसली आणि त्यांना माणूस दिसत होता. एकच वस्तू, दोन अर्थ. तुम्हाला त्यांचा अर्थ कुणी सांगितला नाही आणि तुम्ही कधी विचारला नाहीत. ते कापणं हा गुन्हा मी म्हणणार नाही. पण त्याच संध्याकाळी सगळं गाव फडक्याबद्दल बोलत होतं, तेव्हा ती चिंधी काय होती ते तुम्हाला कळलं. कळलं ना?"

त्यांनी मान हलवली.

"आणि तुम्ही या पोराला भावाचा खुनी होऊ दिलंत. त्याला माफी नाही. ते मी लिहिणार."

"लिहा, जरूर लिहा!" मॅनेजर पुढे सरसावले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. "यांचं नाव घाला, मॅडम. आम्ही आजच काढून टाकतो. मानवी चूक ती मानवी चूकच, फक्त माणूस बदलला."

काबाईंचं डोकंच फिरलं.

"एक मान सुटली म्हणून दुसरी हवी का तुम्हाला? उद्या हे जातील, परवा नवीन सेफ्टीवाले येतील, त्यांच्याही हातात कात्री असेल! तुमचा दिवा कायम धोका म्हणून ओरडतो, म्हणून कुणी ऐकत नाही. तुमचा नियम पाळला तर तुम्हीच बोलता. मग या लोकांनी एका पडद्याच्या तुकड्यावर आपला जीव टांगला, आणि तो तुकडासुद्धा तुमच्या समारंभात कचरा ठरला. हे सगळं लिहिणार मी. एका ओळीत मावणार नाही. तुमच्या साहेबांना सांगा, माझ्या साहेबांनाही सांगा. सही हवी असेल तर या सगळ्याखाली मिळेल, नाहीतर मिळणार नाही!"

"बरं बरं, ते वरचे बघतील," मॅनेजर म्हणाले. "सध्या काम सुरू करू द्या. दवाखाने खोळंबलेत."

तेव्हा थोरल्याची बायको पुढे आली. तिने काबाईंच्या हातातून फडकं घेतलं आणि तिथेच उभी राहून ती आवळलेली गाठ नखांनी उकलायला लागली. नख मोडलं, तरी ती थांबली नाही. शेवटी गाठ सुटली. फडक्याचे दोन तुकडे हातात आले; त्यातला लांब तुकडा तिने हाताने सरळ केला, भट्टीच्या मुठीपाशी गेली आणि मागे वळली.

"भाऊजी," ती म्हणाली, "कशी मारतात ही गाठ? मला दाखवा."

धाकट्याला पाऊल उचलवेना. मावशीने त्याला पाठीवर थाप मारून पुढे ढकललं. त्याने वहिनीला एकदा दाखवलं, आणि तिने स्वतः बांधलं. पिवळं फडकं मुठीला लोंबायला लागलं.

"अहो, काढा ते!" मॅनेजर ओरडले. "भट्टी सुरू करायची आहे!"

"ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं," मावशी म्हणाली. तिने कमरेचं हिरवं फडकं काढलं आणि रोलरच्या मुठीला बांधलं. मग कुणीतरी निळं बांधलं, कुणी लाल, कुणी ठिपक्यांचं. एकेक यंत्र गप्प होत गेलं, आणि वर्षानुवर्षं घोंघावणाऱ्या त्या शेडमध्ये माणसांचे श्वास ऐकू यायला लागले. मॅनेजरांनी सेफ्टीवाल्यांकडे पाहिलं. सेफ्टीवाल्यांनी खिशातली कात्री काढली, घडीच्या टेबलावर ठेवली आणि हात मागे बांधून इतरांत जाऊन उभे राहिले.

"हे मी बांधलंय," थोरल्याची बायको मॅनेजरांना म्हणाली. "प्रत्येक यंत्राला स्वतःचा स्विच आणि स्वतःचं कुलूप आलं, तो दिवा खरं बोलायला लागला, की निरोप पाठवा. मी येते सोडायला."

तिने नवऱ्याचं गाठोडं उचललं आणि दिराच्या हातात दिलं.

"चला, भाऊजी. घरी जाऊन जेवायचंय आपल्याला."